कुणापाशी गायचं

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. कुणी त्या कार्यक्रमाचा विषय काढला की मी हॉलची, गर्दीची, दाराबाहेर उभं राहून ऐकणाऱ्या लोकांची गोष्ट सांगायचो आणि तिथेच थांबायचो. माझ्या मुलांना तेवढीच माहीत आहे: बाबांनी लखनौत कॅन्सरच्या संशोधनासाठी गाण्याचा केवढा मोठा कार्यक्रम घडवून आणला होता. ऐकणाऱ्याला ती चांगली वाटते. चांगलीच आहे ती, अर्धी सांगितली तर.

यंदा मोहोर लवकर आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दशहरी आंब्याचं झाड आहे. मालक कोण ते कुणाला ठाऊक नाही. फळं पोरं पाडतात. फेब्रुवारीच्या उन्हात ते झाड पिवळट-तांबूस झालं आणि दुपारभर तो वास घरात येत राहिला, गोडसर, जरासा आंबूस, कपड्याला धरून बसणारा. इथले लोक त्याला बौर म्हणतात आणि म्हणताना त्यांचे चेहरे खुलतात. मी उठून खिडकी लावली. सून म्हणाली, "पापा, इतनी अच्छी हवा आ रही है." मी म्हटलं, धूळ येते.

धूळ येत नव्हती. दौलतराव मेश्राम येत होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी एका संशोधन संस्थेत औषधांवर काम करत होतो. उंदरांच्या अंगात गाठ वाढवायची आणि औषधाने ती बसते का ते पाहायचं, असे माझे दिवस जात. शहरातल्या एका रुग्णालयात कॅन्सरवर संशोधन करणारा लहानसा विभाग सुरू व्हायचा होता. खोल्या मिळाल्या होत्या, माणसं मिळाली होती, यंत्रापाशी गाडी अडली होती. मराठी मंडळाच्या बैठकीत मी म्हटलं, आपण गाण्याचा कार्यक्रम करू, तिकीट लावू. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाणार कोण, असं विचारल्यावर मी मेश्रामांचं नाव घेतलं आणि चहाच्या कपांचा आवाजसुद्धा थांबला.

"मानकनगरचे? जयंतीला गातात ते?"

"तेच."

"आवाज बरा आहे म्हणतात," कुणीतरी म्हणालं. म्हणजे मंडळात कुणी तो ऐकलेला नव्हता. मानकनगर काही परदेशात नव्हतं. तिथल्या रेल्वेच्या वसाहतीत विदर्भातून आलेली बरीच बौद्ध कुटुंबं राहत होती, मराठी बोलत होती, पण मंडळाच्या कोजागिरीला त्यांच्यापैकी कुणाला बोलावल्याचं मला आठवत नाही. त्या शांततेची मला मजा वाटली, हेही आज लिहून टाकतो. आपण केवढ्या मोठ्या मनाचे, असं मला वाटत होतं. दौलतराव हा माझा शोध होता, आणि आपला शोध आपण सहजी हातचा सोडत नाही.

ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चार्जमन होते. भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठचे. उंच, सावळे, पान खाऊन ओठ कायम रंगलेले. लखनौत इतकी वर्षं काढून बोली तशीच राहिली होती, फक्त मध्ये मध्ये हिंदी शिरायची. "अरे यार साहेब, बसा ना, काहून उभे राहिले?" मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते एप्रिलच्या रात्री, वसाहतीच्या मंडपात. समोर पोरंबाळं, मागे कूलरचा घरघराट, आणि हा माणूस पेटीवर बोटं ठेवून सवाल टाकत होता. सवाल-जवाबाची ती गाणी. एक ओळ म्हणायची, दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचं. दौलतराव सवालाची ओळ म्हणायचे आणि उत्तराच्या ओळीला गप्प राहायचे. पेटी तेवढी वाजत राहायची. मग पुढचा सवाल. मला वाटलं, ही त्यांची शैली.

"शैली कायची, साहेब," ते नंतर हसून म्हणाले. "ती किसनची ओळ हाये."

किसन म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. गावात दोघे जोडीने गात. नोकरी लागल्यावर दौलतराव पेटी घेऊन लखनौला आले. पेटी दोघांची होती. किसन म्हणाला होता, पेटी नेली, आता माह्या आवाजाशी तुहं काय काम? तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. पण ती ओळ दौलतरावांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही, स्वतःही घेतली नाही. लखनौचे रसिक त्या रिकाम्या जागेला "वाह" म्हणायचे.

त्या हिवाळ्यात गावाकडच्या एका पाहुण्याबरोबर किसनने निरोप धाडला: ये, पण पेटी घेऊन ये. दौलतरावांनी रेल्वेचा पास काढला, रजा टाकली. फेब्रुवारीत जायचं ठरलं. हे सगळं त्यांनी मला स्कूटरच्या मागे बसून सांगितलं, माझ्या कानाशी ओरडत. आणि मी गाडी न थांबवता म्हटलं, "दौलतराव, कार्यक्रम मार्चमध्ये आहे. तालमी व्हायच्यात. नंतर जा की."

"हाव साहेब. किसन कुठं पळून चालला."

इथपर्यंत मी फक्त हट्टी होतो.

जानेवारीतच त्यांचा डावा कान ठणकू लागला होता. भाकरी गिळताना ते मान एका बाजूला करत. "कान दुखते अन् डॉक्टर तोंडात बॅटरी मारते," अशी ते थट्टा करायचे. मानेत एक गाठ लागत होती. मीच त्यांना रुग्णालयात नेलं, मीच ओळखीने लवकर नंबर लावला. गाठीचा तुकडा तपासायला गेला तो डॉक्टर रिझवींकडे. रिझवीसाहेब माझे मित्र. त्यांनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले.

उंदरांच्या असल्या काचा मी आयुष्यभर पाहिल्या होत्या. एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, शिस्त सोडलेल्या पेशी. मला त्या ओळखायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो मान वर करायला.

"देर हो चुकी है, भाई," रिझवीसाहेब म्हणाले. "जीभ की जड़ में है. सिंकाई करेंगे, दर्द कुछ कम होगा. आवाज़ नहीं बचेगी. घर में किसी को बता दीजिए. मरीज़ को नहीं."

तेव्हा तशीच रीत होती. रोगाचं नाव रोग्याला सांगत नसत. घरातल्या एखाद्या घट्ट माणसाला बाजूला घेऊन सांगायचं आणि मग सगळ्यांनी मिळून त्या एका माणसाशी खोटं बोलायचं. त्याला आम्ही माया म्हणायचो. कितीतरी घरांत ती खरोखर मायाच असेल.

मी विचारलं, सिंकाई, म्हणजे किरणांचा शेक, महिनाभर पुढे ढकलली तर?

रिझवीसाहेबांनी चष्मा काढला. "मर्ज़ को अब क्या फ़र्क पड़ता है? हाँ, घरवालों से पूछ लीजिए. कहीं जाना-आना हो, किसी से मिलना हो, तो यही वक़्त है."

त्यातलं पहिलं वाक्य मी मानकनगरला घेऊन गेलो. शेवटचं तिथेच ठेवून आलो.

गिरजावहिनी, म्हणजे दौलतरावांची बायको, स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले नाहीत. शेंगा संपल्या तेव्हा थांबले. बाहेर मोहोरलेल्या आंब्याखाली मुलगी मीना ट्रान्झिस्टर लावून परीक्षेचा अभ्यास करत होती.

"मी आज सांगून देते ह्यांले," वहिनी म्हणाल्या. "पास काढलेला हाये. पेटी घेऊन जाऊ द्या किसनभाऊजींकडे. आवाज हाये तोवर जाऊ द्या."

म्हणजे रिझवीसाहेबांचं जे वाक्य मी सांगितलंच नव्हतं, ते त्यांना आपसूक कळलं होतं.

मी तिथे बसून त्यांची समजूत घातली. किती वेळ घातली ते आठवत नाही, पण शब्द आठवतात. आशा गेली की माणूस खचतो. कार्यक्रमामुळे त्यांना जगायला कारण आहे. ते काढून घेऊ नका.

"कारण त्यांचं का तुमचं, भाऊजी?"

मला राग आला. खरं बोललेल्या माणसाचा येतो तसा. आणि मी ते वाक्य बोललो, ज्याच्यामुळे मला मोहोराचा वास सहन होत नाही. मी म्हणालो, "मी यातलाच माणूस आहे, वहिनी. तुम्ही सांगितलंत आणि त्यांनी अन्नपाणी टाकलं, तर ते तुमच्या माथी येईल."

त्या मटारांची टोपली उचलून म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता तसं."

तिकिटं खपत होती. बॅनर रंगवून आला, त्यावर हातभर अक्षरांत कॅन्सर लिहिलेलं. तो गुंडाळून मी दौलतरावांसमोरून नेला तर त्यांनीच उलगडायला लावला. लांबून, जवळून पाहिला. "अक्षर झकास काढलं," ते म्हणाले. "पण साहेब, ज्याले हा रोग असन, त्याले हे वाचून कसं वाटत असन हो?" मी म्हटलं, हवेने फाटेल, गुंडाळूया.

मलिहाबादला एका बागवाल्याकडे देणगीसाठी गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती मोहोर. बागवाले खानसाहेब खाटेवर बसून बोलत आमच्याशी होते, पण गारांच्या धास्तीने नजर सारखी आभाळाकडे. "ओले पड़ गए तो सब ख़त्म. इस महीने हम लोग साँस भी धीरे लेते हैं." दौलतरावांनी झाडाखाली बसून पेटीशिवाय एक सवाल गाऊन दाखवला. मोहोरावरच्या माश्यांची गुणगुण तेवढी खाली उरली. खानसाहेबांनी डोळे पुसले आणि देणगीचं कबूल केलं. परतताना दौलतराव खुशीत होते. "जून लागला की दशहरीची पेटी घेऊन जाईन किसनकडे. गाण्याची एक अन् आंब्याची एक. मंग काय बोलन तो?" मी गाडीचा वेग वाढवला. जून त्यांच्या हाती नव्हता ते मला ठाऊक होतं.

त्यांना आता भाकरी जात नव्हती. चौकात थंडीत मिळतो तो मलाई-मक्खन मी पहाटे जाऊन आणायचो, केशराचा पिवळा फेस, जिभेवर ठेवताच नाहीसा होणारा. ते पळसाच्या द्रोणातून खात आणि म्हणत, "यार साहेब, हे खाल्लं का नाई तेच समजत नाई." मीना हसायची. वहिनी हसत नव्हत्या. मी असले लाड का करतो ते त्यांना माहीत होतं. ऊन तापलं आणि मक्खनवाले बसायचे बंद झाले तेव्हा मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं होतं.

एकदा फाटकापर्यंत मला पोचवायला येऊन मीनाने विचारलं, "अंकल, पापा को हुआ क्या है? मम्मी रात को उठकर बैठी रहती है." मी म्हटलं, टॉन्सिलची गाठ आहे, तू पेपरांकडे लक्ष दे. तिने मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता.

कार्यक्रम छावणीतल्या एका हॉलमध्ये झाला. अशी संध्याकाळ कुणावर येऊ नये. हॉल भरला होता आणि त्या भरलेल्या हॉलमध्ये तिघांना एक गोष्ट ठाऊक होती: मला, वहिनींना आणि पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या रिझवीसाहेबांना. निवेदन माझ्याकडे होतं. पाहुणे डॉक्टर भाषणाला उठले तेव्हा मी पुष्पगुच्छ हाताशी घेऊन ठेवला, कारण त्यांनीही एकदा दौलतरावांची मान चाचपली होती आणि त्यांनी काय ताडलं होतं ते मला माहीत नव्हतं. ते रोगाविषयी बोलत गेले. जिभेचा कॅन्सर, घशाचा कॅन्सर, तंबाखू. मागे पेटीशी बसलेले दौलतराव लक्ष देऊन ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला. मी पुढे होऊन पाहुण्यांच्या हातात पुष्पगुच्छ दिला. भाषण अर्ध्यावर राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग ते गायले. आधी माईकजवळ वाकून म्हणाले, "हॉस्पिटल से कोई मरीज़ भाई-बहन आए हों तो सामने आकर बैठें. ये गाना उनका है." कुणी उठलं नाही. विंगेत कोमट पाण्याचा थर्मास धरून वहिनी उभ्या होत्या. त्या गाणाऱ्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आवाजाला नेहमीची धार नव्हती, पण खाली काहीतरी जड लोंबत असल्यासारखा तो सरळ उतरत होता. प्रत्येक सवालानंतर ते गप्प होत, पेटी वाजत राही, आणि त्या मोकळ्या जागेत मी श्वास धरून असे: आता पुढची ओळ येते की नाही? दर वेळी आली. सगळी आली. माणसं उभी राहिली. मंडळाच्या ज्या लोकांनी "बरा आहे" म्हटलं होतं ते येऊन त्यांना मिठ्या मारत होते. मी त्या गर्दीत माझं अभिनंदन स्वीकारत होतो.

यंत्र आलं. विभाग चालू झाला. ते काम खोटं नव्हतं, आणि तेवढ्याने मी बरीच वर्षं स्वतःला सावरून धरलं.

कार्यक्रमानंतरच्या आठवड्यातच दौलतरावांचा आवाज बसायला लागला. सिंकाईसाठी मीच त्यांना घेऊन गेलो. त्या दारावरच्या कॅन्सर विभागाच्या पाटीचा मी विचारच केला नव्हता. दौलतराव तिच्यासमोर थांबले. वाचता येणाऱ्या माणसाला किती वेळ लागतो? ते वळले. घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात म्हणाले, "साहेब, तो कार्यक्रम माह्यासाठीच होता का?"

मी म्हटलं, सगळ्यांसाठी होता.

"मंग मले आधी सांगाचं होतं. कुणापाशी गायचं ते मी ठरवलं असतं."

रागाने म्हटलं नाही त्यांनी. वर्कशॉपमध्ये एखाद्याने नट उलटा बसवला तर जसं सांगतील तसं म्हटलं, आणि आत गेले.

वहिनींनी किसनला तार केली तेव्हा मे लागला होता. किसन आला तेव्हा दौलतरावांना बोलता येत नव्हतं. नाकातून नळी होती. किसन त्यांच्यासारखाच उंच, फक्त केस पिकलेले. उशाशी खाली बसून त्याने पेटी ओढली आणि गायला लागला. उत्तराची ओळ. फक्त उत्तराची. मग सवालाच्या जागी थांबायचा, पेटी वाजवत राहायचा, आणि दौलतरावांचे ओठ हलायचे. पुन्हा उत्तर. मी दारात होतो. मला तिथून निघून जाता येईना आणि आतही जाता येईना.

रुग्णालयाच्या कागदांवरची तारीख वाचून त्याने बाहेर व्हरांड्यात वहिनींना गाठलं. "तुले फेब्रुवारीपासून मालूम होतं?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. फार थोडा वेळ. त्या नजरेत तक्रार नव्हती. बोलायची पाळी माझी होती, एवढंच तिच्यात होतं. मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो.

"हाव," वहिनी म्हणाल्या. "मालूम होतं."

"मले निरोप नाई देता आला? माह्या भावाचा आवाज तू एकटीनं खाल्ला, गिरजा."

मी पट्टा लावत राहिलो.

दौलतराव गेले. किसन पेटी घेऊन गावी गेला आणि पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. मीनाच्या लग्नाला गावाकडून एकही माणूस आलं नाही. वहिनींना रेल्वेत नोकरी मिळाली, त्या वसाहतीतच राहिल्या. दिवाळीला मी जायचो. चहा द्यायच्या, मुलांची चौकशी करायच्या. एकदाही त्या विषयावर आल्या नाहीत, आणि मी त्याला क्षमा समजत गेलो. ती क्षमा नव्हती. मी कधीतरी बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या, असं आता वाटतं. पण हेही मीच ठरवतोय.

ऐंशीचं दशक सरता सरता वहिनी गेल्या. मीनाचा फोन आला, "अंकल, पुण्यानुमोदन का कार्यक्रम है, आपको आना ही है. गाँव से ताऊजी भी आ रहे हैं." आमच्याकडच्या तेराव्याहून तो कार्यक्रम वेगळा असतो. वंदना होते, आणि मग गेलेल्या माणसाला ओळखणारे एकेक जण उठून चार शब्द बोलतात. मी रात्रभर ते चार शब्द जुळवले. दुसऱ्या कशासाठी माझ्यात आवाज उरलेला नव्हता, पण तेवढ्यासाठी पुरला असता.

मार्च होता. वसाहतीतल्या विहाराच्या आवारात सतरंज्या घातल्या होत्या. किसन पुढेच बसला होता, आता चांगलाच म्हातारा, गुडघे पोटाशी घेऊन. तो आला होता, पण वहिनींच्या फोटोकडे बघत नव्हता. मीनाने माझं नाव घेतलं, "पापा के सबसे पुराने दोस्त." मी उठलो. समोर तीस-चाळीस माणसं, कडेवरची मुलं. किसनने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो की गिरजावहिनी फार सोशिक होत्या. त्यांनी एकटीने मुलगी वाढवली. त्यांच्या हातचा चहा मी विसरणार नाही. मी आणखी काहीबाही म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. मी हात जोडले आणि खाली बसलो, आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. किसनही पुढे काही वर्षांनी गेला, असं मीनाकडून कळलं.

मी बोलायला उठलो होतो ते हे होतं:

किसनभाऊ, गिरजावहिनी तुम्हाला कळवणार होत्या. ज्या दिवशी त्यांना कळलं त्याच दिवशी कळवणार होत्या. मी त्यांना अडवलं. आणि व्हरांड्यात तुम्ही विचारलंत तेव्हा मी शेजारीच होतो. वहिनी, मला माफ करा.